पाणपोईवर रोज एक माणूस

साब्रिये,

बुर्साला तुझं बरं चाललंय हे नुर्तेननं पाठवलेल्या फोटोंवरून दिसतंच आहे. गालांवर मांस आलंय. जुळी अंगाखांद्यावर चढलेली आणि तू फोटो काढणाऱ्याकडे तोंड वाकडं करून बघतेस, म्हणजे तब्येत ठीक. इकडे मीही ठीक आहे, गुडघे सोडून. पण त्यांचं रडगाणं गायला मी कागद घेतलेला नाही.

कर्जालीच्या ग्रंथालयाची मंडळी आपल्या भागातल्या साध्यासुध्या माणसांवर एक पुस्तक काढताहेत. मला म्हणाले, "बाई, तुम्ही एखाद्या आदर्श शिक्षकावर लिहा." मी म्हटलं, आदर्श शिक्षकांबरोबर मी पस्तीस वर्षं चहा प्यायले आहे, त्यांच्यावर दोन ओळींच्या वर लिहिण्यासारखं काही नसतं. मी साब्रियेवर लिहिते. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि मी तरी लिहिलंच असतं. मग पोस्टाचा खर्च कशाला.

हे इतरांनीही वाचायचं आहे, म्हणून पुढे तुला 'ती' म्हणते आणि स्वतःला 'इस्क्राबाई'. सारखं 'मी, मी' करणारी मुलं मला वर्गातही खपत नसत. चुकलेलं काही आढळलं तर कळव. मात्र दुरुस्त करीनच असं नाही.

*

साब्रियेच्या बापानं, हलीलनं, आयुष्यात एकच मोठं काम केलं आणि त्यावर सगळं गाव हसलं. त्यानं बंद रस्त्यावर पाणपोई बांधली.

आमच्या डोंगरात ही रीत जुनी. झऱ्याचं पाणी वळवून आणायचं, दगडी भिंतीत तोटी बसवायची, खाली कुंडी. वाटसरू जितके पाणी पितील तितकं पुण्य बांधणाऱ्याला. शहाणी माणसं अशी पाणपोई बाजाराच्या वाटेवर बांधतात. हलीलनं बांधली ती ग्रीसकडे जाणाऱ्या जुन्या खेचरवाटेवर, आणि ती वाट युद्धानंतर सैनिकांनी तारा ठोकून बंद केलेली. तरुणपणी त्यानं त्याच वाटेनं खिंड ओलांडून कोमोतिनीला तंबाखू नेला होता.

"वाट आहे म्हणजे कधीतरी उघडणार," तो म्हणायचा. "आणि उघडली की पहिला येईल तो तहानलेलाच येईल."

कायाबाशी गावात म्हण पडली. सहकारी संस्थेकडून खत वेळेवर येईल का, असं कुणी विचारलं की उत्तर मिळायचं, "येईल की, हलीलच्या पाणपोईवर गर्दी झाली की." गर्दी व्हायची ती शेळ्यांची. शेळ्या प्यायल्या तर पुण्य लागतं का, हे हलीलनं इमामांना विचारलं होतं. इमाम म्हणाले, लागतं, पण किरकोळ.

साब्रिये त्याची धाकटी. इस्क्राबाईंकडे सातवीत रसायनशास्त्राला होती आणि काठावर पास झाली, तीही बाईंनी काठ जरा खाली ओढला म्हणून. पुढे तंबाखूची शेती, मुस्तफा नावाच्या बसड्रायव्हरशी लग्न, नुर्तेन ही एकुलती मुलगी. लग्नकार्याला, बारशाला, गेलेल्याच्या प्रार्थनेला गावजेवण असलं की केश्केक रांधायचं काम साब्रियेचं. गहू आणि मटण रात्रभर शिजवून घोटायचं, तिच्या सासूच्या तांब्याच्या तपेल्यात, ज्यात एक वासरू उभं राहील. मध्ये एका हिवाळ्यात सरकारनं आमच्या तुर्क शेजाऱ्यांची नावं बदलून टाकली, तेव्हा तिला स्वेत्ला हे नाव मिळालं. ती स्वेत्लाला ओ देईना आणि साब्रिये म्हणायला लोक घाबरत, म्हणून काही वर्षं सगळं गाव तिला 'अगं ए' म्हणत होतं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात अर्धं गाव उठून तुर्कस्तानात गेलं. मुस्तफानंही गाडीच्या टपावर गालिचे बांधले. हलील गाडीत बसेना.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी प्यायला थांबतो."

साब्रियेनं बापाकडे बघितलं, टपाकडे बघितलं आणि गालिच्यांची दोरी सोडायला घेतली. मुस्तफा आठवडाभर बोलला नाही. त्याच हिवाळ्यात हलील गेला. जाताना म्हणाला, "दिवसाला एक तरी माणूस, साब्रिये. निदान एक."

तो एक माणूस म्हणजे पुढची तीस वर्षं साब्रिये. रोज चढ चढून जायचं, बापाचं नाव घेऊन ओंजळभर पाणी प्यायचं, खाली यायचं. तापात गेली, बर्फात गेली, पाय मोडला तेव्हा गाढवावर बसून गेली. मुस्तफा वारला त्या दिवशी दफन उरकून गेली. नुर्तेन लग्न करून तुर्कस्तानात, बुर्साला गेली आणि अखेर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला जुळं झालं. तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी फोन वाजू लागला.

"आई, तू ये ना गं."

"येते की."

"कधी?"

"पाण्याला कुणी मिळालं की."

"इथे दोन पोरं एकदम रडताहेत, मी उभ्यानं जेवते, आणि तू मला शेळ्यांच्या तोटीचं काय सांगतेस?"

"शेळ्यांची नाही. तुझ्या आजोबांची."

मग फोन बंद करून साब्रिये खिडकीत बसायची आणि नातवंडांचे फोटो इतके जवळ धरून बघायची की काहीच दिसत नसे. तिला जायचं होतं. तिच्या हाताला जुळ्यांची डोकी हवी होती. पण गावात उरलेले सगळे म्हातारे, आणि चढ उभा. तिनं एकदा इस्क्राबाईंना विचारून पाहिलं.

"बाई, तुम्ही प्याल का रोज? तुमचा धर्म वेगळा, पण इमाम म्हणतात चालतं. शेळ्यांपेक्षा जास्तच लागेल."

"मी अठ्ठ्याहत्तरची आहे," बाई म्हणाल्या. "वर पोचले तर पुण्य तुझ्या बापाला आणि मयत तुझ्या गळ्यात. दुसरं कुणी बघ."

दुसरं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी एप्रिलात उत्तरेकडून देशाला येणारा गॅस बंद झाला. कायाबाशीत कुणाकडे गॅस नव्हताच, सगळे ओकची लाकडं जाळणारे, त्यामुळे पहिले दोन दिवस कुणाला पत्ताही नव्हता. मग कर्जालीहून पाव घेऊन येणारा गाडीवाला सांगू लागला की बेकरीच्या भट्ट्यांचं काय होणार, हरितगृहातल्या टोमॅटोंचं काय होणार, हिवाळ्यात शहरातली घरं कशानं तापणार, मालकाला झोप नाही. साब्रिये आणि इस्क्राबाई बाकावर मटार सोलत बसल्या होत्या.

"बाई, एवढं काय झालं? एक तोटी बंद, तर दुसरी उघडायची."

"दुसरी असती तर ना. आपल्याला गॅस यायचा तो बहुतेक एकाच दारानं. त्या दारात जो उभा, तो म्हणेल ती पूर्व दिशा."

"मग ही डोंगरात नळी पुरतायत, ती?"

"तेच दुसरं दार. कास्पियन समुद्रातला गॅस तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये येतो. तो कोमोतिनीपासून आपल्याकडे आणायचा. शिवाय ग्रीसच्या बंदरात जहाजानं आलेलाही त्यातून घेता येईल. दोन वर्षं रेंगाळत चाललं होतं काम. आता बघ कसे पळतील."

"म्हणजे माहेर जवळ असलं की सासू हळू बोलते, तसं."

"तसंच."

"आणि आपल्या गावाला मिळणार का?"

"नाही. पायाखालून जाईल."

"म्हणजे लाकडं फोडायचीच."

"फोडायचीच."

बाई म्हणाल्या तसंच झालं. महिन्याभरात यंत्रांचा आवाज डोंगर चढून वर आला. खिंडीकडे जायला डोंगरात एकच सोपी चढण आहे. खेचरांना ती पूर्वी सापडली होती, इंजिनिअरांना आता सापडली. हलीलच्या खेचरवाटेनंच पाइपलाइन आली आणि तिच्याबरोबर घामानं थबथबलेली पन्नासेक माणसं.

साब्रिये त्या दिवशी वर गेली आणि जागीच थांबली. पाणपोईवर रांग लागली होती. हेल्मेटं काढून माणसं तोटीखाली डोकी धरत होती, ओंजळीनं पीत होती, बाटल्या भरत होती. तिनं स्टूल आणून ठेवलं आणि दिवसभर तिथेच बसून राहिली. संध्याकाळी तिनं स्वतःच नुर्तेनला फोन लावला.

"इथे गर्दी झालीय," ती म्हणाली.

"मग ये की आता!"

"हे जातील गं चर बुजवून. मग?"

ते जायच्या आधीच घोळ झाला. वेल्डरांचा मुकादम बेहचेट हा कर्जालीचाच पोरगा, चाळिशीचा, दांडगा, आईला घाबरणारा. तो एका सकाळी हातात टोपी घेऊन तिच्या स्टुलासमोर उभा राहिला.

"मावशी, चर इथून जायचा आहे."

"जाऊ दे की. बाजूनं."

"बाजूला कडा आहे. इथूनच. पाणपोईच्या खालून. नकाशात हिच्यापुढे लिहिलंय, जुनं बांधकाम, वापरात नाही."

"वापरात नाही?" साब्रिये उठून उभी राहिली. "तीस वर्षं मी काय इथे नाचायला येते?"

बेहचेटनं मागे वळून पोरांकडे पाहिलं. निम्मी टोळी आसपासच्या गावांतली. त्यांनी हत्यारं खाली ठेवली होती. कुणाच्या पुण्याईच्या पाण्याला हात लावायचा तर आधी घरच्यांकडून हेलाल मागावा लागतो. 'माझी हरकत नाही, मनात किल्मिष नाही, माझा हक्क मी सोडला' हे सगळं त्या एका शब्दात येतं. आमच्याकडे गाव सोडताना, मरताना, उसनं भांडं परत करतानासुद्धा तो मागतात. तो मिळाल्याशिवाय ती पोरं दगड हलवणार नव्हती, आणि साब्रिये तो देणार नव्हती.

देशाची पाइपलाइन थांबली.

दुपारी पांढऱ्या जीपमधून झ्लातोमिर नावाचा तरुण इंजिनिअर आला. बिचाऱ्याच्या खिशात दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते.

"आजी," तो म्हणाला, "अख्ख्या देशाचा हिवाळा या नळीवर आहे."

"मग देशाला सांग, ये आणि ओंजळभर पिऊन जा."

"नुकसानभरपाई देऊ. किती लेव्हा हवेत ते तुम्हीच सांगा."

बेहचेटनं डोळे मिटून घेतले. साब्रियेनं झ्लातोमिरला आपादमस्तक न्याहाळलं.

"माझ्या बापाचं पुण्य विकत मागणारा तू पहिलाच. काय करशील रे त्याचं? फोडणीला घालशील?"

मागे पोरं खुदखुदली. झ्लातोमिरचे कान लाल झाले. "उचल रे तो दगड," तो बेहचेटला म्हणाला.

"उचलतो साहेब. पण मग संध्याकाळी माझ्या आईला तोंड दाखवायला तुम्ही चला."

एक फोन पुन्हा वाजला. झ्लातोमिर तो कानाला लावून कड्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथून त्याचं एकच वाक्य वाऱ्यावर ऐकू आलं, "नाही साहेब, आंदोलन नाही, एक बाई स्टुलावर बसली आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीपलीकडून अनेस्तिस आला. ग्रीक बाजूचं काम बघणारा, पिकल्या मिशांचा, पोट सुटलेला माणूस. तो सरळ तोटीपाशी गेला, हात धुतले, ओंजळ भरून प्यायला, मिशा पुसल्या आणि गावंढळ तुर्कीत म्हणाला, "बांधणाऱ्याच्या आत्म्याला पोचो."

साब्रियेच्या भुवया वर गेल्या. "हे तू कुठे शिकलास?"

"आजीकडून. ती तुर्कस्तानातल्या अनातोलियातून पळून आलेली. रागावली की तुर्कीतच रागवायची, त्यामुळे मला बरीच येते." तो एका दगडावर बसला. "मावशी, हेलाल करायला काय लागेल?"

आत्तापर्यंत तिला काय घेशील ते विचारून झालं होतं. काय लागेल ते कुणी विचारलं नव्हतं. तिनं थोडा वेळ त्या उघड्या चराकडे पाहिलं.

"काम झालं की तुम्ही सगळे जाणार?"

"जाणार."

"मग या नळीकडे कोण बघणार?"

"पहारेकरी," बेहचेट म्हणाला. "हा सरहद्दीवरचा टप्पा, मावशी. हल्ली कुठल्या नळीला कोण काय करील सांगता येत नाही. रोज एक माणूस पायी फिरून बघणार, गळती नाही ना, कुणी खणत नाही ना."

"रोज?"

"रोज."

"बर्फात?"

"बर्फात तर जास्तच. तेव्हाच गॅस लागतो."

"तो आजारी पडला तर?"

"बदली येतो."

ती झ्लातोमिरकडे वळली. "आणि किती वर्षं चालणार ही तुझी नळी?"

"पन्नास तरी," झ्लातोमिर म्हणाला. त्याला वाटलं ती टिकाऊपणाची चौकशी करते आहे, म्हणून तो पोलादाची जाडी सांगू लागला. अनेस्तिसनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. त्याला कळलं होतं.

साब्रिये परत स्टुलावर बसली. बापाची वाट बंद होती, ती खरोखरच उघडली होती. माणसाऐवजी गॅस येणार होता, पण त्या गॅसच्या डोक्यावर रोज एक माणूस चालणार होता. पन्नास वर्षं, रोज एक. देशाला ही नळी मोलाची होती तोवर तो माणूस चुकणार नव्हता.

"पाणपोई खाली पहारेकऱ्याच्या वाटेवर न्या," ती म्हणाली. "पाणी याच झऱ्याचं. तोटीचं तोंड दक्षिणेला, बापानं ठेवलं तसं. आणि जो फिरेल त्यानं रोज ओंजळभर प्यायचं. हलीलचं नाव घेऊन."

"लिहून देतो," झ्लातोमिर घाईनं म्हणाला.

"तुझा कागद तुझ्याजवळ ठेव. बेहचेट, तू बोल."

बेहचेटनं छातीवर हात ठेवला. "पिणार, मावशी. मी फिरलो तर मी, दुसरा फिरला तर तो. मी सांगेन त्याला."

"हेलाल," साब्रिये म्हणाली.

पोरांनी दगडांवर खुणा करून पाणपोई सुटी केली आणि वाटेवर जशीच्या तशी उभी केली. तोटीला ओरखडा जाऊ नये म्हणून झ्लातोमिरनं ती जीपमध्ये स्वतःच्या मांडीवर घेऊन नेली. पाणी आधी गढूळ आलं, मग थुंकल्यासारखं, मग स्वच्छ. साब्रियेनं गावजेवण जाहीर केलं.

तिथे एक गंमत झाली. पोरांना म्हातारीची सेवा करायची हुक्की आली. लाकडं कशाला फोडायची, म्हणून पाइपांचे सांधे तापवायचा मोठा गॅसचा बर्नर त्यांनी रिकाम्या तपेल्याखाली लावला. गहू धुऊन येईपर्यंत तळ लाल झाला आणि सगळी कल्हई वितळून एका कोपऱ्यात चांदीच्या थेंबासारखी गोळा झाली. पोरं ओणवी होऊन कौतुकानं बघत होती.

"कथलाचा वितळणबिंदू," इस्क्राबाई म्हणाल्या, "मी सातवीत शिकवायचे. तुमच्यातलं कुणी हजर नव्हतं वाटतं."

साब्रियेनं कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. केश्केक शाळेच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत झालं. इमामांनी प्रार्थना म्हटली, अनेस्तिसनं तीनदा वाढून घेतलं, आणि झ्लातोमिरनं विचारलं की यात नक्की काय काय घालतात, हे लिहून मिळेल का.

शरदात गॅस सुरू झाला. टीव्हीवर भाषणं झाली, पावाच्या गाडीवाल्याचा मालक झोपू लागला. पहारेकऱ्याची नोकरी बेहचेटनंच मागून घेतली. साब्रिये मात्र बापाच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवणारी नव्हे. ती सगळा हिवाळा रोज खडकामागे लपून बसायची आणि बेहचेट पितो का ते बघायची. बेहचेटला ती पहिल्याच दिवशी दिसली होती, तिच्या लाल रुमालामुळे. तो फक्त पिताना हलीलचं नाव जरा मोठ्यानं घ्यायचा.

एकदा तो बहिणीच्या लग्नाला गेला आणि बदली आलेला पोरगा तोटीकडे न बघता पुढे निघून गेला. साब्रिये खडकामागून उठणार, इतक्यात त्या पोराचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, "अरे हो हो," म्हणाला, उलट वळला, पळत आला आणि प्यायला.

"कोण होता? काय म्हणाला?" तिनं मध्येच उभं राहून विचारलं. पोरगा दचकून कुंडीत पडता पडता वाचला.

"बेहचेटदादा. म्हणाला, वरात थांबवून फोन करतोय, पी आधी."

त्या रात्री साब्रियेनं गालिच्याची गुंडाळी बांधली. कर्जालीच्या बसथांब्यावर इस्क्राबाई तिला पोचवायला गेल्या.

"बाई, माझ्याकडून काही राहिलं असेल तर हेलाल करा."

"सातवीत माझा तराजू फोडलास, तो सोडून सगळं हेलाल."

"तो मी नव्हता फोडला."

"मग तोही हेलाल. चढ आता, ड्रायव्हर बघतोय."

*

तर साब्रिये, एवढंच लिहिलं आहे. बेहचेट पितो. आता रस्ता झालाय, म्हणून परवा मी गाडीनं वरपर्यंत गेले आणि मीही प्यायले, तेव्हा तुझ्या बापाला त्या दिवशी दोघांचं पुण्य लागलं.

राहिलं ते तपेलं. आपल्याकडचा शेवटचा कल्हईवाला वारला, आणि अनेस्तिस म्हणाला होता की कोमोतिनीला त्याच्या गल्लीत एक म्हातारा अजून कल्हई करतो, दोघी या, कॉफी माझी. आपण मंगळवार ठरवला. मंगळवारी तुझा दात दुखला. पुढच्या मंगळवारी माझी गाडी सुरू होईना. मग खिंडीत बर्फ होता, मग नुर्तेनची पोरं चालायला लागली आणि तू निघालीस. तपेलं अजून माझ्या गाडीच्या मागच्या बाजूला पालथं पडलंय, खड्डा आला की घणघणतं. अनेस्तिस अधूनमधून विचारतो. मी त्याला सांगते, दोघींनी जायचं ठरलंय, एकटी यायची नाही. तो म्हणतो, म्हाताऱ्याचे डोळे अधू होत चाललेत. मी म्हणते, सांगते तिला.

सांगितलं.

इस्क्रा